कान दुखतो म्हणून गेले, दुखत होता जबडा

वार्षिक परीक्षेचे गठ्ठे तपासायचे दिवस आले की आमच्या स्टाफरूममध्ये कुणी ना कुणी कानाच्या पुढे दोन बोटं दाबून बसलेली दिसतेच. विचारलं तर म्हणते, "काही नाही हो, कान ठणकतोय." मग सल्ले सुरू होतात. कापूस घाला, लसूण टाकून कडवलेलं तेल सोडा, वारं लागलं असेल, अक्कलदाढ येत असेल. मी दोनच गोष्टी विचारते. कानात दुखतंय की कानाच्या पुढे? आणि तोंड उघडताना कट् असा आवाज येतो का?

मी सोलापूरला माध्यमिक शाळेत गणित शिकवते, म्हणजे दिवसभर बोलायचं काम. माझं दुखणं ऑनलाइन शाळेच्या काळात सुरू झालं. सकाळी उठलं की गाल आंबलेले, कानशिलं जड, आणि मोठा घास घेतला की उजव्या कानापाशी कळ. रात्री माझे दात करकर वाजतात हे यांनी त्याआधीच सांगितलं होतं. सासूबाईंचं निदान तयार होतं: "झोपेत दात खातीस म्हंजे पोटात जंत झालेत बघ."

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कान तपासला आणि म्हणाले, "पडदा छान आहे, कानात काही नाही. जबड्याचा सांधा दाखवून घ्या." त्यांचे उपकार मानते. कानात काही नाही म्हटल्यावर पुढे कुठे जायचं हेच न कळल्यामुळे महिनोन्महिने थेंब घालत बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. जबड्याच्या दुखण्याचा आणि कानाच्या तक्रारींचा संबंध तसा जुना आहे. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे जेम्स कॉस्टन हे कानाचेच डॉक्टर. त्यांनी १९३४ साली त्यावर लिहिलं आणि पुढे बरीच वर्षं या त्रासाला त्यांचंच नाव होतं. दाढा पडल्यामुळे सांध्यावर दाब येतो, हे त्यांनी दिलेलं कारण आज कुणी धरत नाही. पण रुग्ण कान धरून येतो हे त्यांचं निरीक्षण अजून तंतोतंत खरं आहे.

यात नवल काही नाही. करंगळी हलकेच कानात घाला, नख आतल्या बाजूला टोचणार नाही असं बघा, आणि तोंड उघडा-मिटा. बोटाला जे हलताना लागतं तोच हा सांधा. मध्ये जेमतेम एक पातळ भिंत आहे. खालच्या जबड्याचं गोल टोक कवटीच्या हाडातल्या खोबणीत बसतं आणि दोघांच्या मध्ये एक लवचीक चकती असते. तोंड थोडं उघडेपर्यंत हा सांधा बिजागरीसारखा जागच्या जागी फिरतो. त्याहून जास्त उघडायचं तर ते टोक चकतीसकट पुढे सरकतं. चकती जागेवरून जरा पुढे गेलेली असेल तर टोक तिच्यावर पुन्हा चढताना कट् वाजतं. नुसतंच वाजत असेल, दुखत नसेल, तोंड पूर्ण उघडत असेल, तर त्यावर काही करायला लागत नाही. पुष्कळ लोकांचा जबडा जन्मभर वाजतो आणि त्यांना त्याचा काही त्रास नसतो. वाजणारा जबडा एक दिवस वाजायचा बंद झाला आणि त्याच दिवसापासून तोंड निम्मंच उघडायला लागलं, तर मात्र थांबू नये. चकती अडकलेली असू शकते.

पण बहुतेकींचं दुखणं सांध्यापेक्षा स्नायूंचं जास्त असतं. हे मला ज्या डॉक्टरबाईंनी समजावलं त्यांची तपासणी मी सविस्तर सांगते, कारण चांगली तपासणी कशी असते हे माहीत असलं की वाईट तपासणी ओळखता येते. त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग एक छोटी पट्टी वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये उभी धरून तोंड किती उघडतं ते मोजलं. माझं ३१ मिलिमीटर भरलं. साधारण ४० तरी हवं. घरच्या घरी बघायचं तर स्वतःची मधली तीन बोटं उभी आत जायला हवीत. उघडताना हनुवटी सरळ खाली येते की एका बाजूला वळते, हे त्यांनी समोरून पाहिलं. मग आरसा हातात दिला आणि गाल बाहेरून ओढून आतली बाजू दाखवली. जिथे वरचे-खालचे दात भेटतात त्या रेषेत गालाच्या आत एक पांढरी कड उमटली होती. जिभेच्या दोन्ही कडांवर दातांचे ठसे होते, एकेक दात मोजता यावा इतके स्पष्ट. सुळ्यांची टोकं झिजून सपाट झाली होती.

आणि मग त्यांनी दोन बोटांनी माझा उजवा गाल दाबला, जबड्याच्या कोपऱ्याच्या जरा वर. दात आवळले की जो गोळा टणक होतो तोच हा मॅसेटर स्नायू. कळ थेट वरच्या दाढेत गेली. त्यांनी विचारलं, "हेच का तुमचं दुखणं?" हेच होतं. बोट गालावर आणि दुखतेय दाढ. दुसरी जागा कानशिलावर, पंख्यासारख्या पसरलेल्या टेम्पोरालिस स्नायूची. तिथे दाबल्यावर माझी रोजची डोकेदुखी उभी राहिली. दाबल्यावर रुग्णाचं ओळखीचं दुखणं उमटतं का, हा प्रश्न २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निदान-निकषांत मध्यवर्ती आहे. त्याला महागडं यंत्र लागत नाही. लागतात दोन बोटं, थोडा वेळ आणि ऐकून घ्यायची तयारी.

हे इतकं सांगते कारण त्याआधी एका दवाखान्यात मला वेगळाच अनुभव आला होता. तिथे गालाला कुणी हातही लावला नाही. ओपीजी, म्हणजे सगळे दात आणि जबडा एकाच फोटोत दाखवणारा एक्स-रे, काढला आणि लगेच दोन दाढांची रूट कॅनाल सांगितली. शिवाय "चावा जुळत नाहीये, दाढा घासून लेव्हल करून टाकू" असंही सांगितलं. दाढा किडलेल्या नव्हत्या. मी "विचार करून सांगते" म्हणून उठले. या बाबतीत माझं मत पक्कं आहे: दात कायमचे घासणं, या दुखण्यासाठी म्हणून तारा लावून दात हलवणं, धडधाकट दाढा काढणं, असं जे परत फिरवता येत नाही त्याला सुरुवातीलाच हो म्हणू नये. हे माझ्या एकटीचं मत नाही. २०२३ च्या डिसेंबरमध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांनी चकती काढण्याची शस्त्रक्रिया आणि चावा कायमचा बदलणाऱ्या पट्ट्या अशा परत न फिरवता येणाऱ्या उपचारांच्या विरोधात ठाम शिफारस केली आणि ज्यांना वर ठेवलं ते उपाय अगदी साधे आहेत: माहिती आणि धीर देणं, जबड्याचे आणि मानेचे व्यायाम, हाताने केलेली फिजिओथेरपी, आणि मानसोपचारातली वर्तन बदलायला शिकवणारी पद्धत.

आता मूळ गोष्ट. रात्री दात खाण्याबद्दल सगळे बोलतात, कारण त्याचा आवाज होतो आणि तो दुसऱ्याला ऐकू जातो. दिवसा दात आवळून ठेवण्याचा आवाज होत नाही, म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही. आमच्यासारख्या बायकांच्या दुखण्यात मोठा वाटा या दिवसाच्या आवळण्याचा असतो असं मला ठाम वाटतं. निवांत असताना ओठ मिटलेले असले तरी वरच्या आणि खालच्या दातांत दोन-तीन मिलिमीटरची फट असते. दात एकमेकांना टेकायला हवेत ते चावताना आणि गिळताना, बस्स. मी मात्र बेरजा करताना, स्कूटर चालवताना, कणीक मळताना, सुईत दोरा ओवताना दात घट्ट धरून असायची. हलकं टेकवणंसुद्धा तासन्‌तास चाललं तर स्नायू थकतो आणि दुखतो.

डॉक्टरबाई म्हणाल्या, दर थोड्या वेळाने आठवण होईल असं काहीतरी करा. मी टिकल्यांचं पाकीट काढलं. एक लाल टिकली मोबाईलच्या मागे, एक फ्रिजच्या दारावर, एक स्कूटरच्या आरशाच्या कडेला, एक फूटपट्टीवर, एक फळ्याच्या चौकटीवर. टिकली दिसली की तीन गोष्टी: ओठ मिटलेले, दात सुटे, आणि जीभ 'न' म्हणताना जिथे टेकते तिथे, वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूला. खांदे वर गेलेले असतील तर खाली. दहा सेकंदांचं काम. पहिल्या आठवड्यात टिकली बघायची आणि दर वेळी दात आवळलेलेच सापडायचे. दहावीच्या मुलींनी विचारलं, "मॅडम, फळ्याला टिकली का?" मी सांगितलं. त्यांतल्या कितीतरी जणी परीक्षेच्या वेळी दात आवळून लिहितात हे मला त्यामुळेच कळलं. सरावपरीक्षेत मी फेऱ्या मारताना हळूच "दात सुटे" म्हणायला लागले.

खाण्याचं सांगताना मला जड जातं, कारण आमच्या घरी ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी म्हणजे जीव. पण दुखणं भरात असताना कडक भाकरी जबड्याकडून भरपूर काम करून घेते. काही आठवडे मी तीच भाकरी आमटीत भिजवून, चांगली कुस्करून खाल्ली. मुगाची खिचडी, आंबील, मऊ भात, शिजवून मऊ केलेल्या भाज्या. पेरू अख्खा चावण्याऐवजी बारीक फोडी. ऊस, चिक्की, फुटाणे, च्युइंगगम बंद. हिवाळ्यात शेतावर हुरड्याला गेलो, तेव्हा तासभर मूठ-मूठ हुरडा चघळला आणि दुसऱ्या दिवशी तोंड उघडेना. हुरडा मऊ असतो, पण चघळणं संपतच नाही. घास किती कडक आहे यासोबत जबडा किती वेळ चालतो हेही बघायचं असतं. मात्र वर्षभर पेज पिऊन राहायचं नाही. दुखणं उतरलं की हळूहळू नेहमीच्या जेवणावर यावं, नाहीतर स्नायू आणखी आळसावतात.

शेकाने मला फार बरं वाटलं. नॅपकिन गरम पाण्यात बुडवून, पिळून, दोन्ही गालांवर आणि कानशिलांवर पंधरा-वीस मिनिटं, झोपायच्या आधी. त्यानंतर बोटांच्या पेरांनी मॅसेटरवर वरून खाली सावकाश चोळायचं. ते करताना तोंड किंचित उघडं ठेवायचं, म्हणजे स्नायू सैल राहतो. फिजिओथेरपिस्टनी दिलेला व्यायाम असा: आरशासमोर बसायचं, जीभ 'न'च्या जागी टाळूला टेकवायची आणि ती सुटणार नाही एवढंच तोंड उघडायचं, मिटायचं. हनुवटी नाकाच्या रेषेतून हलू द्यायची नाही. सहा वेळा केलं की थांबायचं आणि दिवसभरात असं सहादा करायचं. सहा-सहाचा हा प्रकार चिली देशातले फिजिओथेरपिस्ट मारियानो रोकाबादो यांच्या पद्धतीतला. त्यात मानेचेही व्यायाम येतात, कारण मान पुढे काढून मोबाईल बघत बसलं की जबड्याचे स्नायूही ताणले जातात. व्यायाम करताना दुखलं पाहिजे हा समज इथे चालत नाही. दुखलं तर कमी उघडा.

जांभई आली की जीभ टाळूला धरून ठेवा किंवा हनुवटीखाली मूठ लावा. फोन खांदा आणि कान यांत धरू नका. पालथं झोपू नका, गाल उशीत दाबला जातो. दातांच्या डॉक्टरांकडे लांबलचक काम असेल तर आधीच सांगा की मधे मधे तोंड मिटायला द्या. चांगले डॉक्टर ऐकतात.

रात्रीचं काय? झोपेत दात खाणं प्रौढांमध्ये ढोबळमानाने शंभरात आठ-दहा जणांना असतं. झोप क्षणभर उथळ होते, हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि पाठोपाठ जबड्याचे स्नायू लयीत आवळायला लागतात. माणूस हे मुद्दाम करत नाही, त्यामुळे "झोपताना दात खाऊ नकोस" असं बजावून उपयोग नसतो. रात्री उशिराचा चहा-कॉफी, दारू, तंबाखू यांनी ते वाढतं. मी संध्याकाळचा दुसरा चहा सोडला. नैराश्यावरच्या काही औषधांनी, विशेषतः फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन या गटातल्या, काहींना दात आवळण्याचा त्रास सुरू होतो. माझ्या मावसबहिणीला तसं झालं. तिने मानसोपचारतज्ज्ञांना सांगितलं, त्यांनी औषधात बदल केला. मनाने गोळी बंद करू नका, ते फार धोक्याचं आहे, पण सांगा नक्की. आणि घोरणं मोठं असेल, झोपेत श्वास अडकत असेल, दिवसा डुलक्या येत असतील तर झोपेची तपासणी करून घ्या. झोपेत श्वास थांबण्याचा विकार आणि दात खाणं काहींच्या बाबतीत सोबत आढळतात.

नाइट गार्डबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. दाताचं माप घेऊन बनवलेली, कडक, पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची ती पट्टी रात्री वरच्या दातांवर बसते. तिने दात खाणं थांबत नाही. दात दातावर घासायचा तो पट्टीवर घासतो, आणि पट्टी झिजते ती आपल्या दाताऐवजी. वर सांगितलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दुखण्यावरचा उपाय म्हणून तिची शिफारस नाही. माझे सुळे झिजले होते आणि एका दाढेतलं सिमेंट फुटलं होतं, म्हणून मी ती घेतली, दात वाचवायला. बसवताना डॉक्टरबाई दातांमध्ये निळा कागद धरायला लावतात, "चावा, उजवीकडे सरकवा, डावीकडे सरकवा" म्हणतात, आणि जिथे निळा ठिपका गडद उमटतो तिथे पट्टी किंचित घासतात. सगळीकडे सारखे ठिपके उमटेपर्यंत हे चालतं. ही मेहनत ऑनलाइन मागवलेल्या, गरम पाण्यात बुडवून चावायच्या गार्डमध्ये नसते. फक्त पुढच्या चार-सहा दातांवर बसणारी पट्टी महिनोन्महिने वापरली तर मागचे दात सरकून चावा बदलू शकतो. धुवायची ती साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने. गरम पाण्यात ती वाकडी होते.

गालात बोटॉक्सची इंजेक्शनं घ्या, असाही सल्ला हल्ली शहरांतून मिळतो. त्याने स्नायू काही महिने ढिला पडतो आणि परिणाम उतरला की पुन्हा टोचून घ्यावं लागतं. त्याच सूचनांनी त्याचीही शिफारस केलेली नाही. मी त्या वाटेला गेले नाही.

एक गोष्ट मनाला लागते. घरी सांगितलं की ऐकायला मिळतं, "टेन्शन घेऊ नकोस, सगळं मनाचं आहे." ताणाने आवळणं वाढतं हे खरं. त्या काळात माझी आई अंथरुणाला खिळलेली होती आणि मी तिच्या उशाशी बसून लॅपटॉपवर तास घ्यायची. पण म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. दाबल्यावर टणक लागणारा, कळ दाढेपर्यंत पाठवणारा स्नायू खराच असतो. हा त्रास बायकांमध्ये जास्त दिसतो आणि त्यांनाच "मनाचं आहे" म्हणून परत पाठवलं जातं, याची मला खरोखर चीड येते. ताण कमी करायचा असेल तर घरातलं एखादं काम उचला, नुसता सल्ला नको.

लहान मुलांचं वेगळं. मुलं झोपेत दात खातात, पुष्कळ खातात, आणि बहुतेकांचं वाढत्या वयात आपोआप थांबतं. जंतांमुळे दात खातात याला भक्कम पुरावा नाही. १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी आम्ही शाळेत मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतो. ती जरूर द्यावी, पण जंतांसाठी. दात खाणाऱ्या मुलाचं नाक सतत चोंदत असेल, ते तोंडाने श्वास घेत असेल, तर ते मात्र डॉक्टरांना दाखवावं.

काही दुखणी जबड्याची वाटतात पण नसतात. चालताना, जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबलं की राहतो, सोबत छाती भरते किंवा घाम येतो: हृदय तपासा, त्याच दिवशी. वय पन्नाशीच्या पुढे, चावताना जबडा दुखतो, कानशील हात लावला तरी दुखतं, डोळ्याला अंधूक दिसतं: ताबडतोब दवाखाना, कारण रक्तवाहिनीची एक सूज अशी असते की वेळेत औषध मिळालं नाही तर दृष्टी जाते. विजेचा झटका बसावा तशी क्षणभराची कळ चेहऱ्यात येत असेल तर ते बहुधा नसेचं दुखणं. ताप, गालावर सूज, बधिरपणा, हेही घरी काढायचे प्रकार नव्हेत. जांभई देताना तोंड उघडंच राहिलं, मिटेना, तर ओढाताण न करता दवाखान्यात जा.

आणि सुपारी. आपल्याकडे हे सांगायलाच हवं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारी, मावा, खर्रा सगळीकडे मिळतो आणि घराघरांतल्या बायकाही सुपारी चघळतात. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर कडक होतं, तिखट खाल्लं की आग होते, गालाच्या आत पांढरट, दोरीसारखे पट्टे लागतात आणि तोंड दिवसेंदिवस कमी उघडतं. कळ फारशी नसते, म्हणून दुर्लक्ष होतं. हा सांध्याचा त्रास नव्हे, याचं पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकतं. तोंडात तीन बोटं जात नाहीत आणि सुपारीची सवय आहे, तर शेक आणि व्यायामात वेळ घालवू नका.

माझ्या पट्टीवरचं माप काही महिन्यांत ३१ वरून ४२ वर आलं. कट् अजून वाजतं, दुखत नाही. परीक्षेच्या दिवसांत गाल पुन्हा आंबतात, तेव्हा नव्या टिकल्या लावते आणि शेक सुरू करते.

खाजगी दवाखाना परवडत नसेल तर जवळच्या दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत जा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत रुग्णालयही आहे. केसपेपर काढताना 'ओरल मेडिसिन', म्हणजे तोंडाच्या आजारांचा विभाग विचारा. जाताना चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि आधी काढलेला ओपीजी सोबत न्या, म्हणजे तोच एक्स-रे पुन्हा काढायला लागत नाही.